‘चालीवर’ रचलेले पद आणि कवितेला लावलेली ‘चाल’

१

गाण्याच्या स्वररचनेला मराठीत ‘चाल’ असे म्हणतात. शब्द ‘चालणे’ या क्रियापदाच्या कुळातला असून गती, वागण्याची रीत, रूढी हे त्याचे इतर अर्थही प्रचारात आहेत. संगीताच्या संदर्भात हा शब्द दोन निरनिराळ्या प्रयोगांत आढळतो. एक, ‘अमुक चालीवर पद रचणे’. दुसरा, ‘कवितेला चाल लावणे’. दोहोंचा आशय स्थूलमानाने सारखाच वाटतो. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले असता त्यांतील भेद लक्षणीय आहे. पहिल्या प्रयोगात चाल हे अधिकरण आहे. ती आधीपासून सिद्ध असते आणि शब्द तिच्यावर बसविले जातात. दुसऱ्या प्रयोगात कविता आधी सिद्ध असते, आणि चाल तिला मागाहून प्राप्त होते.

हे दोन प्रयोग म्हणजे मराठी संगीतरचनेच्या इतिहासातील दोन अवस्था होत. संगीत रंगभूमीच्या आरंभीच्या काळात, म्हणजे १८८० च्या सुमारास, पहिला प्रयोग सार्वत्रिक होता. १९३० नंतरच्या दशकात दुसरा रूढ झाला, आणि आज सुगम संगीताविषयी बोलताना तोच बहुधा सहज तोंडी येतो. हे स्थित्यंतर कसे घडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ग्रामोफोन व नभोवाणी यांच्या आगमनाने ते घडले असे सामान्यतः सांगितले जाते. या साधनांचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. तथापि त्यांच्याही आधी एक गोष्ट घडावी लागली. कविता ही केवळ म्हणण्याची वस्तू न राहता वाचण्याची वस्तू व्हावी लागली. जी कविता आपली चाल सोबत घेऊन येते, तिला नवी चाल लावण्याची निकड कोणालाही भासत नाही. छापील पानावर मुकी उभी असलेली कविता मात्र वाचणाऱ्याकडून काही मागते. आणि नवी चाल हे त्या मागणीला दिलेले एक उत्तर आहे.

२

प्राचीन मराठी पद्याचा फार मोठा भाग कानांसाठी निर्माण झाला. ओवी जात्यावर गाइली गेली, कथेत व पुराणात म्हटली गेली. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात; ही घडण टाळांच्या साथीने व धावऱ्या पावलांनी म्हणण्याशी इतकी निगडित आहे, की छंद आणि चाल यांना पृथक् करणे कठीण जावे. मोरोपंतांची आर्या कीर्तनकाराच्या मुखी वाढली. शार्दूलविक्रीडित, मंदाक्रांता, भुजंगप्रयात यांसारख्या अक्षरगणवृत्तांचीही प्रत्येकाची म्हणण्याची एक ठराविक धाटणी असे. श्लोक नवा असला तरी तो कसा म्हणावयाचा हे वृत्ताचे नाव कळताच कळत असे. चाल ही त्या श्लोकाची नव्हती, वृत्ताची होती. एका वृत्तातील शोकाचा श्लोक आणि विनोदाचा श्लोक एकाच धाटणीने म्हटले जात, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नसे.

मुद्रणाने या व्यवस्थेला प्रथम धक्का दिला. परंतु तो सावकाश दिला. परशुरामपंत गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जुनी कविता शाळेच्या पुस्तकात आली. पण शाळेतही ती पाठ करून चालीवर म्हणण्यात येई. मुंबई सरकारच्या आश्रयाने इंदुप्रकाश छापखान्यात तुकारामांची गाथा १८६९ आणि १८७३ अशी दोन भागांत छापली गेली. त्या क्षणी अभंगाला दुसरे जीवन लाभले. वारकऱ्यांच्या दिंडीत व भजनात तो गाइला जात राहिलाच. शिवाय ज्याने कधी टाळ हाती धरला नव्हता असा सुशिक्षित वाचक तो एकट्याने, मनातल्या मनात वाचू लागला. त्या मूक वाचनाचे संगीतातील फळ दिसावयास पुढे पाऊणशेहून अधिक वर्षे जावी लागली.

नव्या कवितेच्या बाबतीत हा बदल अधिक वेगाने झाला. १८८७ मध्ये जळगावहून निघू लागलेले ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक होते. कवी दूर कोठे तरी असे, वाचक दुसऱ्या गावी असे, आणि दोहोंमध्ये असे तो छापलेला कागद. केशवसुतांनी (१८६६–१९०५) इंग्रजीतील चौदा ओळींच्या कवितेचा घाट मराठीत आणला. ही सुनीते बहुधा शार्दूलविक्रीडितासारख्या जुन्याच वृत्तांत लिहिली गेली. परंतु त्यांतील वाक्य चरणाच्या शेवटी थांबेलच असा नियम राहिला नाही. अर्थ ओळीची मर्यादा ओलांडून पुढच्या ओळीच्या मध्यावर विसावू लागला. अशा ठिकाणी श्लोकाची परंपरागत धाटणी कायम ठेवली तर वाक्य तुटते. वाक्य राखले तर धाटणी मोडते. वृत्ताची चाल आणि वाक्याची चाल या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव मराठी वाचकाला येथे होऊ लागली.

३

ज्या काळात कविता अशा रीतीने चालीपासून सुटत होती, त्याच काळात रंगभूमीवर नेमकी उलट प्रक्रिया चालू होती. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतल’ नाटकाचा पहिला प्रयोग पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. त्यातील पदे साकी, दिंडी, कामदा यांसारख्या परिचित छंदांत, तसेच कीर्तनातील व लोकप्रिय गाण्यांच्या चालींवर बांधलेली होती. छापील नाटकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असा निर्देश करून मूळ गाण्याचे आरंभीचे शब्द देण्याचा प्रघात पडला, आणि तो दीर्घकाळ टिकला. कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘मानापमाना’ला (१९११) गोविंदराव टेंबे यांनी आणि ‘स्वयंवरा’ला (१९१६) भास्करबुवा बखले यांनी चाली पुरविल्या. रागदारीतील उत्तमोत्तम बंदिशी त्यामुळे सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोचल्या. मराठी माणसाचा कान त्यांनी घडविला, हे ऋण लहान नव्हे.

परंतु या पद्धतीचा पदाच्या भाषेवर होणारा परिणामही तितकाच स्पष्ट आहे. चाल आधी ठरलेली असली म्हणजे समेवर कोणता स्वर येणार, तान कोठे घेतली जाणार, दीर्घ स्वराची गरज कोठे पडणार, हे सारे कवीच्या हाती नसते. त्याला आकारान्त वा ओकारान्त शब्द हुडकावे लागतात, क्रियापद अस्थानी न्यावे लागते, समास जोडावे लागतात. पदे दुर्बोध आहेत ही नाट्यपदांविषयीची तक्रार फार जुनी आहे. तिचे कारण कवीच्या अंगी शक्ती नव्हती असे नव्हे. जेथे वाक्याने स्वरांचा माग काढावयाचा असतो, तेथे वाक्यरचनेला स्वतःची गती उरत नाही. गायक अशा पदाकडे वाचक म्हणून पाहत नसे, पाहण्याचे कारणही नव्हते. चाल लावण्याचे काम शब्द लिहिले जाण्यापूर्वीच संपलेले असे.

४

या दोन प्रवाहांच्या मध्ये रविकिरण मंडळाचे काव्यगायन उभे आहे. मंडळाची स्थापना पुण्यात १९२३ मध्ये झाली. यशवंत आणि गिरीश यांनी आपल्या कविता जाहीर सभांतून गाऊन दाखविण्यास आरंभ केला, आणि महाराष्ट्रात गावोगावी त्यांना श्रोते लाभले. छापील कविता पुन्हा कंठात आली. सुस्वर म्हणण्याने दुबळी कविताही खपून जाते, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. तथापि इतिहासाच्या दृष्टीने पाहता काव्यगायनाची मर्यादा वेगळीच होती. त्यातील चाल बहुधा जातीची वा वृत्ताची असे. एकदा धरली की ती पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत तशीच चाले. चाल कवितेला लावली जात होती खरी, परंतु ती त्या विशिष्ट कवितेतून अजून उगवत नव्हती.

याच मंडळातील माधव जूलियन यांनी या प्रश्नाला शास्त्रीय बैठक दिली. त्यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९२७ ची. पुष्कळ वाढविलेली दुसरी आवृत्ती १९३७ मध्ये निघाली, आणि मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. जातिवृत्तांचे त्यांनी केलेले वर्गीकरण आवर्तनांवर आधारलेले आहे. आठ मात्रांच्या आवर्तनाची जाती ती पद्मावर्तनी, सहा मात्रांची ती भृंगावर्तनी. कागदावर मोजलेल्या मात्रा आणि कानांनी ऐकलेला ताल यांचा सांधा येथे शास्त्राच्या परिभाषेत जुळलेला दिसतो. पद्मावर्तनी कवितेला केरवा आणि भृंगावर्तनी कवितेला दादरा सहज का मिळतो, हे त्यावरून कळते. मात्र हेही कळते, की आवर्तन तालाचा सांगाडा देते. त्या सांगाड्यात कोणता शब्द कोठे उभा करावयाचा याचा निर्णय ते देत नाही. तो निर्णय करण्यासाठी छंदाच्या पलीकडे जाऊन कविता वाचावी लागते.

असे वाचन करणारी पहिली पिढी १९३० च्या आगेमागे पुढे आली. ज. ल. रानडे, गो. ना. जोशी आणि त्यांच्यानंतर गजानन वाटवे ही त्यांतील ठळक नावे होत. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी यांनी गाइली आणि तिची ध्वनिमुद्रिका घरोघर पोचली. कवीचा ‘शीळ’ हाच नाव धारण करणारा संग्रह मात्र १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे संग्रह वाचकांच्या हाती पडण्यापूर्वी कित्येक वर्षे ती कविता महाराष्ट्राला एका गायकाने केलेल्या वाचनाच्या रूपाने ठाऊक झाली होती. रंगभूमीवरही याचा परिणाम झाला. ‘आंधळ्यांची शाळा’ या १ जुलै १९३३ रोजी रंगभूमीवर आलेल्या नाटकास केशवराव भोळे यांनी संगीत दिले. त्यातील गाणी मोजकी, आटोपशीर आणि भावगीताच्या वळणाची होती. नाट्यपदाच्या विस्तारापेक्षा शब्दांच्या आशयाकडे त्यांचा ओढा होता.

५

‘कविता वाचून चाल सुचते’ असे संगीतकार सांगतात, तेव्हा वाचनात नेमके काय घडते? प्रतिभेचा भाग बाजूस ठेवला तरी भाषेच्या अंगाने काही गोष्टी निश्चित सांगता येतात. मराठीच्या लेखनात पुष्कळ गोष्टी अनिर्णित राहतात. मूक वाचकाला त्यांचा निर्णय केल्यावाचून पुढे जाता येते. गाणाऱ्याला येत नाही.

पहिली गोष्ट शब्दान्तीच्या ‘अ’ची. ‘दिवस’ हा शब्द बोलताना दोनच अवयवांचा आहे. अखेरच्या ‘स’मधील ‘अ’ उच्चारला जात नाही. छंदात मात्र तीच तीन अक्षरे व तीन मात्रा मोजल्या जातात. अभंग म्हणताना हा ‘अ’ जागा होतो आणि लांबतोही. भावगीताच्या संगीतकारापुढे दोन वाटा असतात. मात्रा भरून काढण्यासाठी तो शेवटचा ‘अ’ लांबवील आणि ‘दिवसऽ’ असे म्हणवील, किंवा मधला स्वर लांबवून शब्द बोलण्यासारखाच व्यंजनावर मिटवील आणि ‘दिवऽस’ असे म्हणवील. पहिल्या उच्चारात जुन्या पद्याचा गंध आहे, दुसऱ्यात संभाषणाचा. मात्रांचा हिशेब दोन्हीकडे सारखाच लागतो. परंतु बोलणारा कोण आहे व तो कोणाशी बोलत आहे याविषयीची समजूत बदलते.

दुसरी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. मराठीत इ-उ यांचे ऱ्हस्वत्व-दीर्घत्व पुष्कळ अंशी शब्दातील स्थानावर अवलंबून असते. त्यावरून अर्थभेद होण्याचे प्रसंग थोडे. त्यामुळे कवीला जशी लगक्रमात सूट घेता येते, तशी गायकाला स्वर लांबविण्याची मुभा मिळते. ही मुभा कोठे वापरावयाची हे मात्र अर्थावरून ठरते. विशेषणावर रेंगाळणारी चाल आणि क्रियापदावर रेंगाळणारी चाल या एकाच ओळीच्या दोन वेगळ्या समजुती आहेत.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आघाताची. ‘तो आज येणार नाही’ हे साधे वाक्य घ्यावे. बोलताना जोर ‘तो’वर दिला तर दुसरे कोणी येणार असल्याचे सूचित होते, ‘आज’वर दिला तर उद्याची आशा उरते, ‘येणार’वर दिला तर तो येईल या समजुतीला उत्तर मिळते, ‘नाही’वर दिला तर विषयच संपतो. लेखनात हे चारही अर्थ एकत्र नांदतात. आता हेच वाक्य ध्रुवपद आहे असे समजावे. सम एका वेळी एकाच ठिकाणी पडणार. ती ज्या शब्दावर पडेल तो शब्द प्रत्येक आवर्तनाला परतून येईल, श्रोत्याच्या मनात ठसेल, आणि बाकीचे तीन अर्थ मागे पडतील. त्यातच मराठी वाक्यात क्रियापद व नकार बहुधा शेवटी येतात. वाक्याचा निकाल तोवर लागलेला नसतो. स्वर आधीच विसाव्याला पोचला तर निकालापूर्वीच समाधान मिळते, आणि तो शेवटपर्यंत अधांतरी राहिला तर वाक्यातील उत्कंठा कायम राहते. समेची जागा निवडणे हा अशा रीतीने अर्थनिर्णय होतो.

येथे मराठीच्या एका वाक्प्रयोगाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. कठीण श्लोकाचा ‘अन्वय लावतात’, गूढ वचनाचा ‘अर्थ लावतात’, आणि कवितेला ‘चाल लावतात’. तिन्ही ठिकाणी ‘लावणे’ हेच क्रियापद यावे, हा भाषेचा योगायोग मानला तरी तो उद्बोधक आहे. चाल लावणे ही अर्थ लावण्याचीच एक रीत आहे. यशवंत देव यांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या नावाने या गायनप्रकाराचा पुरस्कार व ग्रंथरूपाने विवेचन केले. त्या नावातील ‘प्रधान’ शब्दाचा अर्थ शब्द स्पष्ट ऐकू यावेत एवढाच घेतला तर तो फार अपुरा ठरेल. शब्दांविषयीचा निर्णय स्वरांच्या आधी झालेला असावा, असा त्याचा खरा आशय आहे.

६

या दृष्टीने पुढील काळातील काही उदाहरणे तपासता येतात. भा. रा. तांबे (१८७३–१९४१) यांचे आयुष्य मध्य भारतातील संस्थानांत गेले आणि हिंदुस्थानी गायनाचे संस्कार त्यांच्या रचनेवर होते. त्यांच्या अनेक कवितांसोबत जातीचे आणि काहींसोबत रागाचेही नाव छापलेले आढळते. म्हणजे कवीने आपल्या परीने चालीची दिशा दाखवून ठेवली होती. तरीसुद्धा त्यांच्या निधनानंतर या कवितांना नव्या चाली मिळतच राहिल्या. वसंत प्रभू यांनी तांब्यांच्या कवितांना लावलेल्या आणि लता मंगेशकर यांनी गाइलेल्या चाली मराठी घरांत मुरल्या आहेत. दुसरीकडे कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांनी ‘तांबे गीत रजनी’ हा स्वतंत्र कार्यक्रम उभा केला. १९४८ पासून ते देवासला राहिले. ज्या माळव्यात तांब्यांची कविता वाढली त्याच भूमीच्या सुरांशी त्यांचा निकट परिचय झाला होता. प्रभूंच्या चालीत कवितेतील व्यक्ती जवळ बसून बोलते आहे असे वाटते. कुमारांच्या गायनात तीच कविता रागाच्या आणि लोकधुनेच्या मोकळ्या अवकाशात ठेवलेली असते. कवी एक, परंतु वाचक दोन. म्हणून संगीतही दोन प्रकारचे.

‘गीतरामायण’ हे थोडे निराळे उदाहरण होय. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेली ही ५६ गीते ग. दि. माडगूळकर यांनी गाण्यासाठीच लिहिली. परंतु शब्द आधी आणि सुधीर फडके यांची चाल नंतर, हा क्रम येथे राखला गेला. बहुतेक गीते रामकथेतील कोणा ना कोणा व्यक्तीच्या मुखी आहेत. त्यामुळे संगीतकाराला प्रत्येक वेळी आधी वक्ता ओळखावा लागला, आणि मगच राग व लय ठरली. कडवी पुष्कळ आणि चाल बहुतांशी तीच, ही काव्यगायनातील अडचण येथेही होती. फडके यांनी पुढे ही गीते वर्षानुवर्षे स्वतः गाइली, तेव्हा चाल कायम ठेवून शब्दाशब्दावरील भर ते कडव्यागणिक बदलीत. वाचन चालीच्या आतही चालू राहू शकते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

अभंगाची कथा यापेक्षा उद्बोधक आहे. येथे कविता चालीवाचून कधीच नव्हती. भजनाची अखंड परंपरा तिच्यामागे उभी होती. तरी हृदयनाथ मंगेशकर यांनी ज्ञानदेवांच्या आणि श्रीनिवास खळे यांनी तुकारामांच्या रचनांना सर्वस्वी नव्या चाली लावल्या. खळे यांची ‘अभंग तुकयाचे’ ही लता मंगेशकरांच्या स्वरातील ध्वनिमुद्रिका त्यांत अग्रगण्य आहे. दिंडीत अभंग अनेकांच्या मुखाने एकदम उच्चारला जातो; या चालींत तो एकाच व्यक्तीचे आत्मनिवेदन होतो. हा पालट गाथा हे एकान्तात वाचण्याचे पुस्तक बनल्याशिवाय संभवत नव्हता. १८६९ मधील छपाईचे संगीतातील फळ ते हेच.

नवकवितेच्या प्रांतात वाचनाची जबाबदारी आणखी वाढली. अनिलांनी १९३५ च्या ‘प्रेम आणि जीवन’पासून मुक्तछंद रूढ केला, तेव्हा आवर्तनाचा आयता आधारही नाहीसा झाला. पुढे आरती प्रभू (१९३०–१९७६) आणि ग्रेस (१९३७–२०१२) यांच्या कविता हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केल्या. ग्रेस यांची कविता छंदात असूनही तिची वाक्ये सहजासहजी अन्वय लावू देत नाहीत. अशा वेळी चाल हीच पुष्कळ श्रोत्यांना त्या कवितेत शिरण्याची वाट ठरली. ज्या ओळीचा अर्थ सांगता येत नाही ती ओळ ते भावनेने ओळखू लागले.

७

या साऱ्याची दुसरी बाजू नजरेआड करून चालणार नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असे. तेवढ्यात बसत नाहीत ती कडवी गळली. आणि गाण्यातून गळलेली कडवी हळूहळू स्मरणातूनही गेली. समेवर न आलेल्या अर्थांचे तेच झाले. चाल एकदा लोकप्रिय झाली की कविता वाचताना डोळ्यांआधी कान चालू लागतात. तांब्यांची एखादी प्रसिद्ध कविता विद्यार्थ्याने छापील पानावरून नुसती वाचून दाखवावी असे म्हटले, तर त्याला ती गुणगुणल्यावाचून पुढे नेता येत नाही. गाण्यात नसलेले कडवे आले की तो अडखळतो. वाचनातून जन्मलेली चाल अशा रीतीने पुढच्या वाचनाचा मार्ग अडवू शकते. वृत्ताच्या चालीपासून सुटलेली कविता पुन्हा चालीत बांधली जाते. फरक एवढाच, की आता ती चाल वृत्ताची नसून एका व्यक्तीच्या अर्थनिर्णयाची असते.

यावर उपाय चाल नाकारणे हा नव्हे. प्राचीन ग्रंथांच्या बाबतीत ज्ञानाची एक रीत भारतीय परंपरेने घालून दिली आहे. मूळ ग्रंथ, त्यावरील टीका आणि टीकेवरील टीका यांना ती परंपरा शेजारी शेजारी ठेवते. टीका कितीही थोर असली तरी ती मूळ ग्रंथाची जागा घेत नाही. आणि मूळ ग्रंथ कितीही थोर असला तरी टीकेवाचून त्याचे अध्ययन पुरे होत नाही. चालीकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. प्रभूंची चाल ही तांब्यांवरील एक टीका आहे, कुमारांचे गायन ही दुसरी. आणि तिसरीला जागा आहे.

आजवर या सामग्रीचा अभ्यास दोन शाखांच्या सीमेवर अडकून राहिला आहे. साहित्याचे अभ्यासक चालीला संगीताचा विषय मानून सोडून देतात. संगीताचे अभ्यासक शब्दांना साहित्याचा विषय मानतात. वास्तविक प्रत्येक ध्वनिमुद्रिका हा एका विशिष्ट काळातील मराठी उच्चाराचा आणि त्या काळी कविता कशी समजली जात होती याचा दस्तऐवज आहे. अन्त्य ‘अ’ कोणी केव्हा उच्चारला, कडवी कोणती निवडली, ध्रुवपद कोणत्या शब्दावर समेला आणले, एकाच कवितेच्या दोन चालींत भर कोठे सरकला, या प्रश्नांची नोंद पद्धतशीर रीतीने करता येण्याजोगी आहे. ती केल्यास आधुनिक मराठी कवितेच्या आस्वादाचा असा एक इतिहास हाती येईल, की जो समीक्षेच्या ग्रंथांतून मिळणार नाही. कारण तो लिहिणाऱ्यांनी लेखणी हातात घेतली नव्हती. त्यांनी कविता वाचली, आणि जे समजले ते गाऊन ठेवले.